लेकीचे कॉलेज आणि वडिलांची हजेरी

पत्र

माझा अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. थोरली मुलगी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून कॉलेजच्या वसतिगृहात राहते. धाकटा मुलगा यंदा दहावीला आहे. मुलीला काही कमी पडू नये म्हणून सीईटीच्या अर्जापासून प्रवेशाच्या पसंतीक्रमापर्यंत आणि वसतिगृहापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सर्व काही मीच भरत आलो. महिन्यातून दोन रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने मी पुण्याला जातो, तिला शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि धुतलेले कपडे देतो आणि मळके कपडे घेऊन संध्याकाळच्या गाडीने परततो. तिची आई रोज सकाळी फोन करून तिला उठवते, रात्री नऊचा व्हिडिओ कॉल ठरलेला आहे आणि तिचे लोकेशन आमच्या मोबाइलवर दिसते. खर्चासाठी मी तिला यूपीआय सर्कलने माझ्या खात्याशी जोडले आहे आणि कॉलेजच्या पोर्टलवर तिची हजेरी मी दर आठवड्याला पाहतो.

इतके असूनही गेल्या महिन्यात समजले की पहिल्या वर्षाच्या गणिताच्या एका विषयात तिला केटी लागली होती, म्हणजे तो विषय राहिला होता, तिने तो पेपर हिवाळी परीक्षेत पुन्हा दिला आणि तोही सुटला नाही. केटीचा अर्ज तिने स्वतःच भरला आणि त्याचे शुल्क मैत्रिणीकडून उसने घेतले. आम्हाला मात्र ‘सगळे सुटले’ एवढेच सांगितले. विचारल्यावर म्हणाली, “तुम्ही सगळं बघताच, मला वाटलं हेही दिसलं असेल.” आता ती वसतिगृह सोडून तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घ्यायचा म्हणते. माझी पत्नी पुण्यात खोली घेऊन तिच्याजवळ राहायला तयार आहे, तर माझी आई म्हणते की शिक्षण पुरे झाले, आता स्थळे पाहा. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेलाही मुलगी प्रोजेक्टचे कारण सांगून आली नाही. आम्ही किती धरावे आणि किती सोडावे?

— एक वडील, सोलापूर

उत्तर

आपल्या पत्रात प्रश्न अनेक असले तरी तातडीचा एकच आहे आणि तो गणिताच्या पेपरचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. पहिल्या वर्षाचे विषय पूर्ण सुटल्याशिवाय अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, असा नियम बहुतेक विद्यापीठांत असतो. म्हणजे येत्या उन्हाळी परीक्षेत हा पेपर सुटला नाही, तर मुलीचे एक वर्ष वाया जाण्याची शक्यता आहे, ज्याला मुले ‘वायडी लागणे’ म्हणतात. तिच्या विद्यापीठाचा आणि तिच्या अभ्यासक्रमाचा नेमका नियम काय आहे, हे आपण शोधून तिला सांगू नये. तिने परीक्षा विभागाचे परिपत्रक वाचून तो आपल्याला समजावून सांगावा. हे लहान काम वाटेल, पण आपल्या घरात आजवर असे काम तिच्या वाट्याला आलेले नाही. त्यानंतर आपण तिला दोनच प्रश्न विचारावेत: या पेपरसाठी तू काय करणार आहेस आणि त्यात आमच्याकडून तुला काय हवे आहे? ती कदाचित शिकवणी मागेल, कदाचित उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून आपण कुठे गुण गमावले हे शिक्षकांकडून समजून घ्यायचे म्हणेल, कदाचित काहीच मागणार नाही. काहीच न मागितले, तर काहीच देऊ नये. सोलापुरातून पुण्यातल्या शिकवणी वर्गांची चौकशी करून, आगाऊ पैसे भरून तिला पत्ता पाठवण्याचा मोह आपल्याला होणार आहे, तो आवरावा.

आता तिने जे लपवले त्याकडे येऊ. आपण ते फसवणूक म्हणून पाहता आणि त्यात दुःखाचा भाग खरा आहे; आईवडिलांशी खोटे बोलणे ही चांगली गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्याच पत्रातला एक तपशील आपल्या नजरेतून निसटला असावा. गेल्या दोन वर्षांत तिच्या शिक्षणाचे जेवढे अर्ज भरले गेले, त्यातला केटीचा तेवढा एक अर्ज तिने स्वतः भरला. त्याची मुदत तिने पाळली, त्याच्या शुल्काची सोय केली, परीक्षा केंद्र आणि वेळापत्रक पाहिले, पेपर दिला. जिला साधा अर्ज भरायला जमणार नाही असे गृहीत धरून आपण सर्व अर्ज स्वतःकडे घेतलेत, तिला ते उत्तम जमते; फक्त ते तिने आपल्या नजरेआड केले, कारण आपल्या नजरेसमोर स्वतःचे काही करायला तिला जागाच उरलेली नव्हती. “तुम्ही सगळं बघताच” हे तिचे उत्तर उद्धट वाटले तरी ते खोटे नाही. ज्या मुलीची हजेरी वडील पाहतात, पैसे वडील मोजतात आणि सकाळ आईच्या फोनने होते, तिला अपयश हेही घरचेच खाते वाटू लागते आणि घरच्या माणसांना ते आपोआप कळेल किंवा कळू नये, एवढेच तिच्या हाती उरते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की कॉलेजच्या पोर्टलवर जाणे आपण बंद करावे. हजेरीची ७५ टक्क्यांची अट तिला ठाऊक आहे आणि ती मोडल्यास परीक्षेला बसू दिले जाणार नाही, हेही तिला ठाऊक आहे. हे बजावणे कॉलेजचे काम आहे. निकालाची गोष्ट वेगळी आहे. फी आपण भरता, त्यामुळे वर्षातून दोन वेळा निकाल पाहण्याचा आपला हक्क आहे आणि तो सोडण्याची गरज नाही. निकाल लागेल त्या दिवशी तिने स्वतःहून गुणपत्रिका दाखवावी, ती चांगली असो वा वाईट, आणि त्या दिवशी घरात आरडाओरडा होणार नाही, एवढा करार दोन्ही बाजूंनी करावा. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण तो आपण पाळायचा आहे. वाईट निकाल सांगितल्यावर काय होते हे मुलांना एकदाच कळावे लागते; पुढच्या वेळी सांगायचे की नाही हे ती त्यावरूनच ठरवतात.

अर्ज आणि कागदपत्रांचा कारभार तिच्याकडे सोपवताना एकदम सगळे तिच्या अंगावर टाकू नये, हेही सांगते. आपल्या कारखान्यात नवा विणकर आला की आपण त्याला सुरुवातीला एखाद-दोन माग देता आणि हात बसला की वाढवता. पण त्याच्या मागावर धागा तुटला, तर तो जोडायला आपण स्वतः धावत नाही, त्यालाच जोडू देता. मुलीच्या बाबतीत आपण दोन वर्षे सर्व माग स्वतःच चालवत आहात. पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज तिने भरावा. शिष्यवृत्ती किंवा शुल्क सवलत मिळत असेल, तर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे नूतनीकरण तिने करावे. गुणपत्रिका, दाखले आणि आधार तिच्या स्वतःच्या डिजिलॉकरमध्ये असावेत आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे नसावा. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. आपले कुटुंब त्यात बसते की नाही हे तिनेच तपासावे, उत्पन्नाचा दाखला कुठून आणि कसा मिळतो हे तिने आपल्याला विचारावे, सेतू केंद्रात तिने एकदा स्वतः उभे राहावे. एखादा अर्ज चुकेल, एखादी मुदत हुकेल, विलंब शुल्क भरावे लागेल. ते विलंब शुल्क तिच्या महिन्याच्या पैशातून जावे, आपल्या खिशातून नव्हे.

पैशांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सोलापुरातून पुण्याला मुले पाठवणाऱ्या बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते. यूपीआय सर्कल ही सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२४ मध्ये आणली. ज्याचे स्वतःचे खाते नाही किंवा ज्याला व्यवहार जमत नाहीत अशा घरातल्या माणसासाठी ती चांगली आहे; त्यात एक तर प्रत्येक खर्चाला मुख्य खातेदाराची मान्यता लागते, किंवा महिन्याला १५,००० रुपयांच्या आत मर्यादा ठरवून देता येते, पण दोन्ही प्रकारांत प्रत्येक व्यवहार खातेदाराला दिसतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने मैत्रिणीबरोबर चहा घेतला, तर त्याची सूचना कारखान्यात बसलेल्या वडिलांच्या मोबाइलवर वाजावी, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे? तिला पैसे संपल्याचा अनुभव कधी येत नाही, कारण खाते आपले आहे; आणि तिला पैसे स्वतःचे वाटत नाहीत, कारण हिशेब आपला आहे. परिणाम असा झाला की केटीचे शुल्क तिला उसने घ्यावे लागले. ती उसनवारी आपल्याला लाजिरवाणी वाटली असेल, पण तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, कारण तो खर्च आपल्या खात्यातून झाला असता तर त्याच क्षणी आपल्याला दिसला असता.

यापुढे तिचे स्वतःचे बचत खाते असावे, ते आधारशी जोडलेले असावे (शासनाची रक्कम थेट जमा होण्यासाठी ते बहुधा लागते) आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम त्यात जमा व्हावी. रक्कम किती, हे आपण एकट्याने ठरवू नये. गेल्या तीन महिन्यांचा खर्च तिच्यासमोर ठेवून मेस, प्रवास, मोबाइल, छपाई, औषधे आणि किरकोळ मौज असे भाग तिने करावेत, तिने आकडा सांगावा, आपण त्यावर घासाघीस करावी. टॉवेलच्या व्यापाऱ्याशी आपण रोज करताच. कॉलेजची फी आणि राहण्याचा खर्च यात धरू नये, तो आपण वेगळा भरावा. एकदा आकडा ठरला की महिन्याच्या बावीस तारखेला ‘बाबा, पैसे संपले’ असा फोन आला, तर पुढच्या महिन्यातून वळते करून थोडी रक्कम पाठवावी, पण दरमहा ठरलेल्या रकमेवर वरचेवर भर घालू नये, आणि पैसे कशावर गेले हे विचारू नये. हे न विचारणे आपल्याला सर्वांत जड जाईल. कर्ज देणाऱ्या मोबाइल अॅपपासून मात्र तिला एकदा स्पष्ट सावध करावे आणि त्याच वेळी हेही सांगावे की कधी तसल्या फेऱ्यात सापडलीसच, तर पहिला फोन आम्हाला कर, रागवायचे ते आम्ही नंतर पाहू.

सकाळचा फोन आजपासूनच थांबला पाहिजे. जी मुलगी संगणकाच्या आज्ञावली लिहिते, तिला गजर लावता येतो. ती चार दिवस उशिरा उठेल, एखादे प्रात्यक्षिक बुडेल, आणि मग उठू लागेल. रात्रीचा नऊचा व्हिडिओ कॉल हा मला फोनपेक्षा हजेरीच जास्त वाटला. आठवड्यातून दोन-तीनदा, तिला वेळ असेल तेव्हा, तिनेच करावा. त्यात ‘जेवलीस का, कुठे आहेस, कोण आहे शेजारी’ याऐवजी आपणही तिला इथले काही सांगावे. सुताचे भाव चढले, कारागीर गावाला गेला, मोठी ऑर्डर हुकली, हे ऐकायला मुलांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त आवडते, आणि घरातल्या अडचणी आपल्याला सांगितल्या जातात असे दिसल्यावर आपल्या अडचणी सांगण्याची त्यांची भीड कमी होते.

लोकेशनबद्दल मात्र मी एकदम ‘बंद करा’ असे म्हणणार नाही. रात्रीच्या प्रवासात किंवा एकटीने परतताना तिने स्वतःहून तासाभरासाठी ते पाठवावे, यात गैर काही नाही. शहरातल्या कित्येक मुली मैत्रिणींना असेच पाठवतात. दिवसरात्र चालू असलेले लोकेशन ही वेगळी गोष्ट आहे. त्याने ती सुरक्षित होत नाही, कारण काही घडले तर आपण अडीचशे किलोमीटर दूर आहात; सुरक्षितता तिच्या जवळच्या माणसांत आहे, वसतिगृहाच्या रेक्टरच्या नंबरात आहे, ११२ या क्रमांकात आहे आणि संकटात घरी फोन केल्यास आधी मदत मिळेल, मग प्रश्न विचारले जातील, या तिच्या खात्रीत आहे. एक प्रश्न विचारते, आपण रागावणार नाही अशी आशा आहे. धाकटा मुलगा तीन वर्षांनी पुण्याला गेला, तर त्याचे लोकेशन आपण असेच चोवीस तास पाहणार आहात का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण जे पाहता आहात ते पुण्याचे रस्ते नव्हेत.

याच संदर्भात आजींच्या म्हणण्याचा विचार करावा लागतो. आपल्या मातोश्रींच्या वयाचा मान राखूनही सांगते की स्थळांची गोष्ट या विषयात येताच कामा नये, चेष्टेतही नाही. गणितात नापास झाल्याची शिक्षा म्हणून लग्न, असे समीकरण एकदा घरात उच्चारले गेले की मुलगी पुढची प्रत्येक अडचण लपवेल आणि तिचे तसे करणे योग्यच असेल. आजींना हे समजावणे तिच्या आईवर सोडू नका. ते काम आपले आहे, कारण आजी आपल्या आई आहेत.

आपल्या पत्नीने पुण्यात खोली घेऊन राहावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मुलगी आजारी असती, शस्त्रक्रियेतून उठत असती किंवा मनाने खचली असती, तर मी लगेच ‘जा’ म्हटले असते. पण एका पेपरसाठी घर दोन शहरांत विभागले, तर दहावीच्या मुलाला ऐन परीक्षेच्या वर्षी आई नसेल, कारखाना आणि स्वयंपाकघर एकट्या आपल्यावर पडेल, पुण्याचे भाडे वाढेल आणि मुलीच्या मनावर त्या सगळ्याचा भार बसेल. तिच्या एका विषयासाठी आईने संसार हलवला, हे ऋण डोक्यावर घेऊन कोणाचे गणित सुधारत नाही. शिवाय जे चाळीस मिनिटांच्या फोनने बिघडते आहे, ते चोवीस तासांच्या सहवासाने सुधारेल असे मानायला आधार नाही. पत्नींच्या मनात यामागे काही वेगळी पोकळी असेल, म्हणजे मुलगी गेल्यापासून घर रिकामे वाटत असेल, तर ती गोष्ट खरी आहे आणि तिचा विचार आपण दोघांनी स्वतंत्रपणे करावा. त्यावरचा उपाय मुलीकडून अपेक्षित धरू नये.

फ्लॅटच्या मागणीला मी होकार देईन, पण आत्ता नाही. उन्हाळी परीक्षा होईपर्यंत वसतिगृह सोडण्यात शहाणपण नाही, कारण घर शोधणे, सामान हलवणे आणि नवे स्वयंपाकघर लावणे यांत महिना-दीड महिना सहज जातो. परीक्षेनंतर, निकाल काहीही लागो, तिने पूर्ण प्रस्ताव मांडावा: भाडे किती, अनामत किती, वीज आणि स्वयंपाकवालीचा खर्च कसा वाटला जाणार, कॉलेजला जायला बस कोणती, चौघींपैकी एक मध्येच सोडून गेली तर तिचा वाटा कोण भरणार. महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे आणि ही नोंदणी आता ऑनलाइन होते. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, त्यावर सह्या करणाऱ्यांत तिचे नाव असावे आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांना कळवली गेली आहे याची खात्री तिने घरमालकाकडून करून घ्यावी. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती करार करू शकते. ती मतदान करते, बँकेचे खाते चालवते, मग घराच्या करारावर सही करणेही तिला शिकू द्यावे. आपण घर एकदा पाहून यावे, मालकाला भेटावे, कराराची प्रत वाचावी. एवढे पाहणे हे पालकांचे काम आहे आणि त्याला कोणी लुडबुड म्हणणार नाही. तिचा प्रस्ताव कच्चा निघाला तर ‘अजून नाही’ म्हणावे आणि कशामुळे नाही हे सांगावे.

गड्ड्याच्या यात्रेचे आपल्याला वाईट वाटले हे मी समजू शकते. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा चुकला की सोलापूरच्या माणसाला वर्ष अर्धवट वाटते. पण ती आली नाही याचा अर्थ ती दुरावली असा घेऊ नये. प्रोजेक्ट चार जणांचा असतो आणि त्यातली एक जण गावाला गेली की बाकीच्यांचे काम अडते. तिने आपला शब्द पाळला असण्याचीच शक्यता जास्त आहे. पुढच्या वर्षी तिला बोलवावे, ओढू नये.

आता जे सोडू नये त्याविषयी. वर मी जे काही सोडायला सांगितले ते सर्व सुरळीत चाललेल्या दिवसांसाठी आहे. काही प्रसंगांत न विचारता पहिल्या गाडीने पुणे गाठावे: तिने अनेक दिवस खाणे किंवा झोपणे सोडले असेल, फोनवर नुसते हुंकार येत असतील, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ किंवा ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे काही ती बोलली असेल, कोणी तिला त्रास देत असेल, किंवा पैशांची मागणी अचानक आणि पुन्हा पुन्हा येऊ लागली असेल. अशा वेळी स्वावलंबनाचा विचार बाजूला ठेवावा. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. रॅगिंगविरुद्ध तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक तिच्याकडे असावेत आणि आपल्याकडेही असावेत. कुटुंबाचा आरोग्य विमा असेल, तर त्याच्या कार्डाची प्रत तिच्या मोबाइलमध्ये असावी आणि जवळचे कोणते रुग्णालय त्या विम्यात येते हे तिला माहीत असावे. ताप आल्यावर शोधत बसण्याची ही गोष्ट नव्हे.

मळक्या कपड्यांचे ओझे मात्र हुतात्मा एक्सप्रेसमधून पुन्हा सोलापूरला येऊ नये. वसतिगृहात बादली आहे, दोरी आहे, बहुधा यंत्रही असेल. चटणी आणि भाकरी खुशाल न्यावी. त्याने मुलगी परावलंबी होत नाही, आणि कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून तिच्या मैत्रिणीही आपल्यावर खूश असतील. फक्त महिन्यातून दोनदा जाण्याऐवजी एकदा जावे, आधी तिला कोणता रविवार सोयीचा आहे ते विचारावे आणि गेल्यावर खोली तपासण्याऐवजी तिच्याबरोबर बाहेर जेवायला जावे, तेही तिच्या आवडीच्या ठिकाणी.

हे सर्व तिला सांगायचे कसे, याबद्दल एक व्यावहारिक सूचना आहे. आधी आपण आणि पत्नी यांचे एकमत व्हावे, कारण वडिलांनी पोर्टल बंद केले आणि आईने मैत्रिणीला फोन करून चौकशी चालू ठेवली, तर काहीच बदलणार नाही. मग पुढच्या भेटीत तिला समोर बसवून, केटीचा विषय पुन्हा न उगाळता, सांगावे की अमुक तारखेपासून ही कामे तुझी, ही रक्कम तुझी, निकाल तू दाखवायचा आणि अडचण आली की आम्ही आहोत. आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत स्पष्ट करावी, जी बहुतेक घरांत राग आल्यावर बोलली जाते आणि म्हणून नीट ऐकली जात नाही: वर्ष गेले तर काय? माझे मत असे आहे की एक वर्ष गेले तरी शिक्षणाचा खर्च आपण करावा, कारण पदवी अर्धवट राहिली तर आजवरचा सगळाच खर्च वाया जाईल. पण त्या जादा वर्षातले राहणे आणि किरकोळ खर्च यांचा काही वाटा तिने अर्धवेळ कामातून किंवा शिकवण्या घेऊन उचलावा, असे आधीच ठरवावे. ही धमकी म्हणून नव्हे, तर ठरलेला नियम म्हणून सांगावी. ती त्यावर वाद घालेल, घालू द्यावा, आणि तिचे म्हणणे पटले तर नियम बदलावा.

सुरुवातीचे दोन-तीन महिने आपल्यालाच त्रासाचे जातील. फोन आला नाही की जीव घाबरा होईल, पोर्टल उघडण्यासाठी बोटे शिवशिवतील, आणि ती एखादी चूक करेल तेव्हा ‘आम्ही म्हणालो नव्हतो का’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळावेत. तिची चूक तिला आधीच कळलेली असते.

राहता राहिला धाकटा. त्याच्याबाबतीत आपल्याला हे सगळे उलटे फिरवावे लागणार नाही, कारण अजून वेळ गेलेली नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन होतात, म्हणजे दहावीच्या निकालाच्या सुमारास त्याला वैयक्तिक माहितीचा पहिला भाग भरावा लागेल आणि नंतर दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागेल. त्यासाठी सोलापुरातली कोणती महाविद्यालये घरापासून किती लांब आहेत, त्यांची फी किती आहे, गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला, याची माहिती त्याने स्वतः जाऊन गोळा करावी आणि अर्जही त्यानेच भरावा. आपण शेजारी खुर्ची टाकून बसावे आणि माउस त्याच्या हातात राहू द्यावा.